कंदील आला कुठून?

शब्दांचे खेळ भाषा-मॉडेलने चालवावेत का, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोघेही भलत्याच बाजूला बसलेत. माझा नवरा चिन्मय दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री शब्दांचे साहसखेळ लिहितो. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर चार ओळी येतात, आपण काय करणार ते टाइप करायचं, मग पुढच्या चार ओळी. हे खेळ भाषा-मॉडेलकडून चालवून घ्यायला त्याचा कडवा विरोध. त्याची आत्या निवृत्त शिक्षिका, मुलीकडे म्हणून सिंगापूरला आली आणि इथेच राहिली. रविवारी टोआ पायोच्या घरी आठदहा मराठी मुलं जमवून ती मराठी शिकवते. ती या प्रकारावर बेहद्द खूश आहे.

परवा तिने मुलांचा एक खेळ फोनवर दाखवला आणि जुंपली. जे ऐकलं ते इथे देते आहे. मधेमधे माझं मत घुसेल, त्याला इलाज नाही.

खेळ असा. आत्याने मॉडेलला सांगून ठेवलं होतं: इथल्या फोर्ट कॅनिंगच्या टेकडीखाली बोगदा आहे, मुलगा आत अडकलाय, त्याला बाहेर पडायचंय, मराठी सोपं ठेव. टेकडीखाली खरोखरच दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं भूमिगत ठाणं आहे. जपान्यांना शरण जायचं हे तिथेच ठरलं, १५ फेब्रुवारी १९४२ ला. खेळणारा मुलगा नऊ वर्षांचा.

मॉडेल: तू स्वतःला एका अंधाऱ्या बोगद्यात सापडतोस. दूरवर पाण्याचा आवाज येत आहे. तू काय करशील?
मुलगा: मी आकाशकंदील पेटवतो
मॉडेल: तुझा आकाशकंदील उजळतो! बोगद्याच्या भिंतींवर केशरी नक्षी पसरते.
मुलगा: मी पाण्यात जातो. पाणी गळ्यापर्यंत येतं
मॉडेल: तू धैर्याने पुढे जातोस. आकाशकंदीलाच्या प्रकाशात तुला एक लोखंडी दार दिसते.

चिन्मय: थांब. कंदील आला कुठून?

आत्या: त्याच्या डोक्यातून. गेल्या दिवाळीत वर्गात केला होता आम्ही. कंदील म्हटल्यावर त्याला तोच माहीत.

चिन्मय: आणि गळ्याइतक्या पाण्यात कागदी कंदील जळतोय.

आत्या: केशरी नक्षी बघ ना. तू वीस ओळी लिहिल्या असत्यास तरी ती सुचली नसती तुला.

चिन्मय: सुचायचा प्रश्नच नाही. खेळात दिवा असतो तेव्हा तो कोणीतरी, कुठेतरी ठेवलेला असतो. विल क्राउदरने १९७६ च्या सुमाराला पहिला खेळ लिहिला, 'अ‍ॅडव्हेंचर'. तो स्वतः गुहांमध्ये उतरणारा माणूस. केंटकीच्या मॅमथ केव्हमधल्या खऱ्या वाटांवरून त्याने खेळातली गुहा बेतली. दिवा झऱ्यावरच्या छोट्या घरात पडलेला असतो. तो न घेता खाली गेलास तर काळोखात खड्ड्यात पडतोस. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने खेळ वाढवला, त्यात तर दिव्याची बॅटरी संपते. उगाच भटकत बसलास की उजेड मंदावतो. त्या एका दिव्यामुळे प्रत्येक पावलाला किंमत येते. तुझ्या कंदिलाला किंमत काय?

आत्या: क्राउदरने तो खेळ लिहिला कोणासाठी?

चिन्मय: मुलींसाठी. घटस्फोट झाला होता. मुली त्याच्याकडे आल्या की त्यांना खेळायला काहीतरी हवं होतं.

आत्या: म्हणजे संगणकाची भीती न वाटता पोरींना खेळता यावं म्हणून. मग तुझे खेळ कोणाला खेळता येतात रे?

इथे मला साक्ष द्यायलाच हवी. लग्न ठरायच्या आधी चिन्मयने मला स्वतः लिहिलेला एक मराठी खेळ पाठवला होता. पहिल्या खोलीत एक दार होतं. मी लिहिलं, 'दरवाजा उघड'. उत्तर: कळलं नाही. 'दार उघड ना'. कळलं नाही. 'दाराला धक्का दे'. कळलं नाही. 'दार उघड' एवढंच त्याने खेळाला शिकवलं होतं. मी त्या खोलीतून कधी बाहेर पडले नाही. लग्न मात्र झालं.

चिन्मय: लिहिलेलं वाक्य फोडून खेळाला समजावणारा पार्सर लिहिणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला कळत नाही. इंग्रजीत 'टेक लॅम्प', दोन शब्द, संपलं. १९७७ मध्ये एमआयटीतल्या पोरांनी 'झॉर्क' लिहायला घेतला, त्यात याहून लांब वाक्यं चालायची, पण तिथेही नाम बदलत नाही. आपल्याकडे दिवा, दिव्याने, दिव्यापाशी, दिव्यातलं तेल. तलवार, तलवारीने. शिवाय 'उचल दिवा' आणि 'दिवा उचल' दोन्ही बरोबर. प्रत्येक वस्तूची सगळी रूपं हाताने भरायची. एकटा माणूस किती भरणार?

आत्या: म्हणून तर म्हणते. हे यंत्र सगळं समजून घेतं. एका मुलीने 'मी भिंतिवर चढते' असं ऱ्हस्व लिहिलं, तरी चढली ती. दुसरा अर्धं हिंदीत लिहितो, तोही पोचतो. सिंगापूरच्या शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ मिळते, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. आमची बहुतेक मुलं हिंदी घेतात. मराठीला ना परीक्षा, ना मार्क. मग मुलांनी रविवारी सकाळी सायकल सोडून माझ्याकडे का यावं? निबंधाच्या तीन ओळी लिहिताना हात दुखतो म्हणणारा पोरगा या बोगद्यात पस्तीस ओळी मराठी टाइप करून बसला. मला आणखी काय हवं?

यावर चिन्मयकडे उत्तर नव्हतं, असं मला वाटतं. अर्थात तो गप्प बसणाऱ्यांतला नाही.

चिन्मय: कबूल. मराठी समजून घेण्यात ते माझ्यापेक्षा सरस आहे. पण हेही बघ, ही सोय कालपरवाची. संगणक देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटमध्ये साठवतो. जुन्या मॉडेलांना मराठी वाक्य म्हणजे तुकड्यांचा ढीग वाटायचा. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांनीच तक्ता दिला होता: नमुन्याच्या एका मराठी मजकुराचे आधी ९६ तुकडे व्हायचे, आता ३३. तुकडे कमी म्हणजे खर्च कमी आणि लक्षात जास्त राहतं. त्याआधी तुझा बोगदा दहा मिनिटांत विस्मरणात गेला असता.

आत्या: झालं तर मग. सुधारतंय ना?

चिन्मय: समजून घेणं सुधारतंय. नाही म्हणणं सुधारत नाही. आत्या, वेताळपंचविशीत नियम काय? विक्रमाने तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर. आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. दोन्हीकडून कोंडी. अख्खी पंचविशी त्या कोंडीवर उभी आहे. आता वेताळाचं काम मॉडेलला दे. विक्रम म्हणणार, वेताळा, आज पाय दुखतायत, न बोलता चल ना. वेताळ म्हणणार, राजन्, तुझी विनंती माझ्या हृदयाला भिडली. संपली पंचविशी, पहिल्याच रात्री.

आत्या: माझ्या आजीने मला सांगितली तेव्हा विक्रमाकडे बॅटरी होती. मला अंधाराची भीती वाटायची म्हणून. नियम पक्का झाला तो गोष्ट छापल्यावर. सांगणारा माणूस ऐकणाऱ्याकडे बघूनच सांगतो.

चिन्मय: पण दुसऱ्या दिवशी तीच बॅटरी आजीच्या लक्षात असायची ना? आणि 'मला राक्षस एका फुंकरीत मारायचाय' म्हणालीस तर आजी काय म्हणायची?

आत्या: झोप म्हणायची.

चिन्मय: बघ. हे कधीच झोप म्हणत नाही.

मॉडेल नाही का म्हणत नाही, याचं कारण चिन्मयने मग सविस्तर सांगितलं. मला जेवढं कळलं ते असं. मॉडेलच्या पोटात बोगदा नसतोच. आत्तापर्यंतचा मजकूर असतो आणि त्याच्यापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज असतो. मुलाने 'कंदील पेटवतो' लिहिलं की कंदील मजकुरात आला. मजकुरात आला म्हणजे तो आहे. माझ्याकडे कंदील आहे का, हे बघायला मॉडेलकडे पिशवी नाही. त्यातून ते समोरच्याला मदत करायला शिकवलेलं. पाहुण्याला नाही म्हणणं त्याच्या संस्कारात बसत नाही.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे 'एआय डंजन'. अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातला निक वॉल्टन हा विद्यार्थी त्याचा कर्ता. मार्च २०१९ मध्ये एका हॅकेथॉनमध्ये त्याने पहिला प्रयोग केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जीपीटी-२ या भाषा-मॉडेलवर बसवलेली दुसरी आवृत्ती लोकांना खुली केली. लोक तुटून पडले. मॉडेल उतरवून घेण्याचा खर्चच इतका झाला की सुरुवातीच्या दिवसांतच खेळ काही काळ बंद करावा लागला. त्या मॉडेलला एकावेळी १,०२४ तुकड्यांपलीकडचं दिसत नसे. त्यामुळे सोबतीला घेतलेला घोडा दोन पानांनंतर माणूस व्हायचा.

चिन्मय: आणि त्याला वळण लावायला वापरल्या होत्या लोकांनी लिहिलेल्या वाट-निवडीच्या गोष्टी. त्यातला एक खलनायक, काउंट ग्रे, मॉडेलच्या डोक्यात असा बसला की तुम्ही चंद्रावर जा नाहीतर भाजीबाजारात, काउंट ग्रे हजर. खेळणारे त्याच्यावर विनोद करायचे. म्हणजे कल्पनाशक्ती वाटते ते कोणाचं तरी उष्टं असतं.

आत्या: राक्षसाचा जीव पोपटात हेही उष्टंच आहे. कोणी हक्क सांगितला का?

चिन्मय: आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये काय झालं? लोक नको ते लिहितायत म्हणून 'एआय डंजन'च्या कंपनीने गाळणी बसवली. कोणीतरी 'माझा आठ वर्षांचा लॅपटॉप' लिहिलं, तर लहान मुलाबद्दल काही गैर आहे समजून तेही अडकलं. वर, खाजगी गोष्टीही कर्मचारी वाचू शकतात हे लोकांना कळलं. उघड्या मैदानात कुंपण मागाहून घालायला गेलं की असंच होतं. माझ्या खेळात नको ते होतच नाही, कारण मी लिहिलेलंच नसतं.

आत्या: तुझ्या खेळात काहीच होत नाही. पण हे बरोबर बोललास. म्हणून मुलांच्या हातात मी देत नाही. फोन माझा, खातं माझं, टाइप करताना मी शेजारी.

आता इथल्या वाचनालयाचा विषय निघाला. सिंगापूरच्या नॅशनल लायब्ररी बोर्डाने २०२४ मध्ये लेपब या जाहिरातसंस्थेबरोबर 'प्लेब्ररी' काढलं. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची, हक्क संपलेली जुनी पुस्तकं घ्यायची आणि चॅटजीपीटीवर त्यांचे शब्दखेळ करायचे. पुस्तक निवडा आणि पात्र होऊन आत शिरा. हेतू हा की खेळता खेळता माणूस मूळ पुस्तकाकडे वळावा. सरकारी वाचनालयाला हे सुचावं याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे नगरवाचन मंदिराच्या बैठकीत हा ठराव मांडून पाहा.

आत्या: बघ. वाचनालयालाही पटलंय.

चिन्मय: तिथे निदान पुस्तक आहे! कोणीतरी आधी ठरवून ठेवलंय की वाडा कुठे, चावी कोणाकडे, कोण मरणार. मॉडेलला धरायला कठडा आहे. तुझ्या बोगद्याला काय आहे? आणि एवढं करून त्याचं मराठी कसलं? 'तू स्वतःला एका अंधाऱ्या बोगद्यात सापडतोस.' कोण बोलतं असं? इंग्रजीला नऊवारी नेसवलीय. तू मराठीची शिक्षिका ना? 'आकाशकंदीलाच्या'? कंदिलाच्या!

मला वाटलं, आता आत्या अडकली. शुद्धलेखनावर ती जावयालाही सोडत नाही.

आत्या: ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. म्हटलं, याला मराठी येत नाही, दुरुस्त करा. आधी कोणी बोलेना. मग एक म्हणाली, 'तू बोगद्यात आहेस' पुरे. दुसरा म्हणाला, 'तू बोगद्यात अडकलास' बरं. आमच्या कंदीलवाल्याने कंदिलाची वेलांटी धरून दिली, आणि त्याची स्वतःची वेलांटी आजवर एकदाही बरोबर आली नव्हती. या मुलांना मराठीत सगळे सुधारतात, आजी सुधारते, फोनवर काका हसतात. पहिल्यांदा त्यांना कोणीतरी असं भेटलं ज्याला ती सुधारू शकतात. ते तुझ्या बिनचूक खेळात कसं जमणार?

हा मुद्दा मला कुठे वाचायला मिळाला नव्हता. यंत्राच्या मराठीवर आपण सगळे नाक मुरडतो, मीही मुरडते. त्या गचाळपणाचा वर्गात असा उपयोग होईल हे डोक्यात आलं नव्हतं. तरी एक शंका राहतेच. फळ्यावर आत्या उभी आहे म्हणून ठीक. आत्या नसलेल्या घरात मूल 'स्वतःला सापडत' बसेल आणि तेच मराठी म्हणून शिकेल.

चिन्मयने मग त्याचा तोडगा काढला. तो म्हणे बरेच लोक आता असंच करतात. जगाचा हिशेब प्रोग्रॅमकडे ठेवायचा: कंदील कुठे आहे, पेटलाय का, तेल किती, दार बंद की उघडं. मूल काहीही लिहो, मॉडेलने त्यातून फक्त अर्थ काढून प्रोग्रॅमला द्यायचा. घडलं की नाही हे प्रोग्रॅम ठरवणार. मग ते नीट शब्दांत सांगायला पुन्हा मॉडेल.

चिन्मय: म्हणजे 'मी आकाशकंदील पेटवतो' लिहिलं तर उत्तर येईल, 'पिशवीत हात घातलास. आकाशकंदील नाही. काडेपेटी आहे.'

आत्या: आणि ते पोर म्हणेल, बरं. आणि फोन खाली ठेवेल.

चिन्मय: किंवा काडेपेटीचं काय करता येईल याचा विचार करेल! त्यालाच खेळ म्हणतात.

आत्या जरा वेळ बोलली नाही. मग तिने जे सांगितलं ते तिच्या पक्षाला सोयीचं नव्हतं. सांगितलं हे तिचं मोठेपण.

आत्या: मागच्या रविवारी भांडण झालं. दोघंदोघं जोडीने खेळत होती, कोण आधी बाहेर पडतं ते बघायचं होतं. एकाने पहिल्याच फेरीत लिहिलं, 'माझ्याकडे जादूची चावी आहे.' दार उघडलं, जिंकला. दुसरी मुलगी बिचारी भिंती चाचपडत होती. ती रडायलाच लागली. म्हणाली, हे चीटिंग आहे, काहीही लिहिलं की मिळतं तर मी का विचार करू?

चिन्मय: अगं, मी तासभर तेच सांगतोय!

आत्या: तू सांगून कोणाला पटलं? ती रडली तेव्हा पटलं. मग मुलांनीच ठरवलं. प्रत्येकाच्या पिशवीत तीनच वस्तू, खेळ सुरू व्हायच्या आधी फळ्यावर लिहायच्या. फळ्यावर नाही ते खेळात नाही. भिजलं की कंदील विझतो का, यावर हात वर करून मतं घेतली. विझतो म्हणणारे जास्त निघाले. कंदीलवाला रुसला, पण मानलं त्याने.

चिन्मय: आणि मॉडेलने मानलं?

आत्या: सांगितलं तेव्हा मानलं. थोड्या वेळाने विसरलं. मग मुलंच ओरडली त्याच्यावर, फळा बघ म्हणून.

चिन्मय: म्हणजे फळा हा तुमचा प्रोग्रॅम झाला. मी रात्री बसून तेच लिहितो, आत्या.

आत्या: तू एकटा बसून लिहितोस. ती भांडून लिहितात, आणि मराठीत भांडतात.

माझं झुकतं माप सुरुवातीला आत्याकडे होतं, दाराचा जुना राग असल्यामुळे. त्या मुलीचं रडणं ऐकल्यावर मी चिन्मयच्या बाजूला थोडी सरकले. नियम आधी ठरलेला नसेल तर हुशारीला काम उरत नाही. पण तो नियम मुलांच्या हाती असावा की खेळ लिहिणाऱ्याच्या, यावर दोघांचं जमणार नाही, आणि जमावं असा माझा आग्रहही नाही.

शेवटी बोलणं आलं ते मजकुरावर. खेळाला कठडा म्हणून एखादं पुस्तक हवं, मग मराठी पुस्तक कुठलं? आत्याने लगेच 'फास्टर फेणे' म्हटलं. चिन्मयने मान हलवली. त्याचे लेखक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, हक्क अजून कित्येक वर्षं आहेत.

आत्या: मुलांनी वर्गात खेळलं तर कोण विचारतंय?

चिन्मय: विचारायला हवं. २०२४ मध्ये इथल्या सरकारने लेखकांना विचारलं होतं, राष्ट्रीय भाषा-मॉडेल शिकवायला तुमची पुस्तकं वापरू का? प्रकल्प सात कोटी सिंगापूर डॉलरचा. २०२१ च्या इथल्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय विश्लेषणासाठी सूट आहे, तरी विचारलं. आणि बऱ्याच लेखकांनी नको म्हणून सांगितलं.

आत्या: बरोबर केलं त्यांनी. लिहिणाऱ्याला न विचारता घेऊ नये. पण मला एक सांग, त्या मॉडेलमध्ये मराठी आहे का?

चिन्मय: इथलं 'सी-लायन' आग्नेय आशियासाठी केलेलं. पहिल्या फेरीत अकरा भाषा होत्या. तमिळ होती. मराठी नव्हती.

आत्या: मग आपलं आपणच बघायचं.

हक्क संपलेल्यांत नाथमाधव निघाले. ते १९२८ मध्ये गेले, म्हणजे भारताची साठ वर्षं आणि सिंगापूरची सत्तर, दोन्ही उलटून गेलीत. त्यांची 'वीरधवल' ही कादंबरी अद्भुतरम्य, तलवारी आहेत, किल्ले आहेत. भाषा मुलांना जड जाईल, असं मी म्हटलं. त्यावर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: वस्तू आणि वाटा कादंबरीतून घ्यायच्या, त्या चिन्मयने हिशेबात घालायच्या. सांगायची भाषा मॉडेलची, तिच्यावर लाल पेन मुलांचं. पिशवीत तीन वस्तू कोणत्या, हे मात्र फळ्यावरच ठरेल, असं आत्याने बजावलं. चिन्मय म्हणाला, मग काडेपेटीची आणि चावीची रूपं आधीच भरून ठेवायला नकोत. आत्या म्हणाली, ती मुलं भरतील, विभक्तीचा धडा राहिलाच आहे.

चिन्मय म्हणतो गणपतीपर्यंत होईल. आत्या म्हणते, दिवाळी धर.